दुतोंड्या मारुती आणि पुराची रेघ

आमच्या नाशकात पूर मोजायची एक जुनी पद्धत आहे. गंगेला पाणी आलं (गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात) की पहिला प्रश्न, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती हे आमचं मोजमापाचं साधन. पाणी गुडघ्याला लागलं तर विशेष काही नाही, संध्याकाळी पोराबाळांना घेऊन बघायला जायचं. कमरेला लागलं की काठावरच्या दुकानदारांनी माल वरच्या फळ्यांवर चढवायचा. छातीला लागलं की भांडीबाजार, सराफबाजार आवरायला घेतात. गळ्याशी आलं की मग कुणी कुणाला काही विचारत बसत नाही. दुसरी खूण सरकारवाड्याच्या पायऱ्यांची. आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर, असं आमच्या आधीची पिढी म्हणायची.

शिकलेली माणसं याला हसतात. पण जरा विचार केला तर मारुती हे उत्तम साधन आहे. तो जागेवरून हलत नाही, त्याची उंची बदलत नाही, आणि त्याचं माप प्रत्येक नाशिककराला कळतं. मोजमापाच्या साधनाकडून आणखी काय हवं?

आज मात्र लिहायचं आहे ते दुसऱ्या एका गोदावरीविषयी. ती संगणकात वाहते. तिला पाणी नाही, फक्त आकडे आहेत. तिला मी 'लुटुपुटूची गोदावरी' म्हणते. गेल्या वर्षभरात आमच्या घरात तिच्यावर इतकी चर्चा झाली, की आमच्या नातेवाईकांपैकी निम्म्यांना ती अर्धवट कळलेली आहे आणि उरलेल्या निम्म्यांना चुकीची. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढावं असं ठरवलं. मी साधी बी.ए. झालेली बाई, आयुष्यभर शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. संख्याशास्त्राशी माझा संबंध निकालपत्रकाच्या टक्केवारीपुरता. पण माझी नात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आहे आणि तिचा प्रकल्प नेमका नदीच्या पुरावरच आहे. तिने मला शिकवलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. शिक्षकाला शिकवणारी नात मिळणं हे निवृत्तीनंतरचं मोठंच सुख!

तर आधी रेघांविषयी.

सप्टेंबर २००८ मध्ये नाशकात मोठा पूर आला. त्यानंतर आमच्या जुन्या वस्तीत दोन शब्द घरोघरी झाले, निळी रेघ आणि लाल रेघ. पूर्वी आम्ही नकाशात नद्या निळ्या आणि हद्दी लाल काढायचो. आता नदीच दोन्ही रंगांची झाली. सरसकट पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथवर पोचेल ती निळी रेघ, आणि शंभर वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथवर पोचेल ती लाल. निळीच्या आत नवं बांधकाम करायचं नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात करायचं तर अटी पाळून, राहती जागा पुराच्या पातळीच्या वर ठेवून.

आमच्या सासरचा वाडा गंगेच्या काठापासून फार लांब नाही. तो लाल रेघेच्या आत आहे, आणि निळी रेघ आमच्या पुढच्या अंगणाला जवळजवळ चाटून जाते. वाड्यात धाकटे दीर आणि जाऊबाई राहतात. भाऊजींचं वय ७९. गुडघे दुखतात म्हणून त्यांचा पलंग खाली, ओसरीला लागून असलेल्या खोलीत. वाडा आता पार खिळखिळा झाला आहे. पुतण्याच्या मनात तो पाडून नवीन बांधायचं आहे. भाऊजींच्या मनात काही म्हणजे काहीच करायचं नाही.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. "वहिनी, शंभर वर्षांतला पूर म्हणता ना? तो मी १९६९ साली पाहिला. २००८ सालीही घरात पाणी पाहिलं. माझ्या वाटचे पूर येऊन गेले. आता पुढच्या शंभर वर्षांत ज्याला यायचं त्याने यावं, मी काही बघायला नाही."

ऐकायला किती पटतं नाही? माझ्या ओळखीतली निम्मी माणसं असंच समजतात. पण 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ मुळात तसा नाहीच. पूर काही सिंहस्थासारखा गुरूची रास बघून येत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की कुठल्याही एका वर्षी असा पूर यायची शक्यता शंभरात एक. यंदाही शंभरात एक, पुढच्या वर्षीही शंभरात एक, आणि काल आला असला तरी उद्या पुन्हा शंभरात एक. नदीला मागचं आठवत नाही.

हे भाऊजींना कसं पटलं ते पुढे सांगते. त्याआधी ही रेघ येते कुठून, ते बघू.

नात म्हणाली, "आजी, सगळी सुरुवात एका वहीपासून होते." नदीवर ठिकठिकाणी पाण्याची उंची मोजायच्या पट्ट्या असतात, गावोगावी पर्जन्यमापकं असतात. कोणीतरी माणूस रोज ठरलेल्या वेळी जाऊन आकडा वाचतो आणि नोंदवहीत लिहितो. असे महाराष्ट्रभरचे आकडे जिथे गोळा होतात ते जलविज्ञान भवन आपल्याच नाशकात, दिंडोरी रस्त्यावर आहे. पंचवटीतून म्हसरूळकडे जाताना 'मेरी'चा थांबा लागतो, त्याच परिसरात. मेरी म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. आम्ही रिक्षावाल्याला नुसतं "मेरी" सांगतो आणि आत काय चालतं याचा विचारही करत नाही.

या नोंदींतून दरवर्षीचा सर्वांत मोठा आकडा उचलायचा. पन्नास वर्षांच्या नोंदी असल्या तर पन्नास आकडे. ते उतरत्या क्रमाने लावायचे, अगदी आपल्या गुणवत्ता यादीसारखे. पण त्याआधी एक काम असतं आणि खरी अक्कल तिथेच लागते, असं तिचं म्हणणं. ते काम म्हणजे आकडे तपासणं.

पहिला प्रश्न शून्याचा. वहीत पावसाच्या रकान्यात '०' आहे. म्हणजे त्या दिवशी पाऊस पडला नाही, की मोजणारा आला नाही? हे ऐकल्याबरोबर मी म्हटलं, "अगं, हे तर आमच्या गुणपत्रकातलं 'गै.ह.'!" पेपरला न बसलेला मुलगा आणि पेपर कोरा देणारा मुलगा, दोघांच्याही नावापुढे शून्य लिहिलं तर वर्गाची सरासरी खोटी पडते. म्हणून आम्ही एकापुढे 'गै.ह.' लिहायचो आणि दुसऱ्यापुढे शून्य. मोठा पूर आला की पट्टीच वाहून जाते, रस्ता बंद होतो, मोजणारा पोचू शकत नाही. म्हणजे जो दिवस सर्वांत महत्त्वाचा, नेमका तोच गैरहजर!

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. पट्टीवर वाचतात ती पाण्याची उंची. प्रवाह, म्हणजे सेकंदाला किती पाणी गेलं, तो एरवी वेगळा मोजून ठेवतात आणि उंचीवरून प्रवाह काढायचा एक आलेख तयार करतात. रोजच्या पाण्यात हे मोजता येतं. महापुरात होळकर पुलाखालून पाणी रोंरावत जात असताना त्यात वेग मोजायचं यंत्र कोण घालणार? तेव्हा आलेखाचा वरचा टोकाचा भाग प्रत्यक्ष मोजलेला नसतो, खालच्या भागावरून वाढवलेला असतो. म्हणजे रेघ ज्या आकड्यांवर उभी राहते, ते सर्वांत मोठे आकडेच सर्वांत कमी खात्रीचे.

तिसरा प्रश्न धरणाचा. गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झालं. पुढे वर काश्यपी, गौतमी-गोदावरी ही धरणं झाली. धरणाआधीची गंगा आणि धरणानंतरची गंगा या संख्याशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळ्या नद्या आहेत. त्यांचे आकडे एका यादीत घालणं म्हणजे दोन वेगळ्या बोर्डांच्या परीक्षांचे गुण एकत्र करून नंबर काढणं. बरं, धरण आलं म्हणजे पूर संपला असंही नाही. १९६९ चा महापूर धरण झाल्यावरचाच. धरणाच्या खाली, शहरात आणि आजूबाजूला पडलेला पाऊस नाल्या-ओढ्यांतून थेट नदीत येतो. म्हणून तर बातम्यांत धरणातून सोडलेलं पाणी आणि होळकर पुलाखालून जाणारं पाणी असे दोन वेगवेगळे आकडे देतात.

चौथा प्रश्न जागेचा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. पर्जन्यमापक फक्त कुलाब्यालाच असता, तर त्या दिवशी मुंबईत बऱ्यापैकी पाऊस झाला एवढीच नोंद राहिली असती.

हे सगळं ऐकून मला महालनोबिसांची आठवण झाली. प्रशांतचंद्र महालनोबिस म्हणजे नियोजनाच्या संदर्भात आपण ज्यांचं नाव ऐकतो तेच. ओडिशात ब्राह्मणी नदीला १९२६ साली मोठा पूर आला, तेव्हा नदीचा तळ गाळाने वर आला आहे, म्हणून बांध उंच करा, असं अभियंत्यांचं मत पडलं. महालनोबिसांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी चाळल्या आणि दाखवून दिलं की तळ वर आलेला नाही. वरच्या भागात पडलेला जादा पाऊस हे कारण आहे, तेव्हा पाणी वरच अडवायचा विचार करा. तेव्हा ना संगणक होता, ना काही. जुन्या वह्या आणि त्या चिकाटीने वाचणारा माणूस, बस्स. म्हणून मी नातीला म्हणते, तुझा संगणक नंतर, तुझी वही आधी.

असो. आकडे तपासून झाले की मोठा प्रश्न उरतो. आकडे पन्नास वर्षांचे आणि उत्तर हवं शंभर वर्षांचं. जे पाहिलंच नाही त्याचा अंदाज पाहिलेल्यावरून बांधायचा. याची एक पद्धत एमिल गुम्बेल नावाच्या जर्मन गणितज्ञाने रूढ केली आणि जगभर ती वापरतात. या माणसाची गोष्ट मला फार भावली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत जे राजकीय खून झाले, ते त्याने एकेक करून मोजले आणि १९२२ साली पुस्तक लिहिलं. कोणाच्या बाजूचे किती मेले आणि मारणाऱ्यांना शिक्षा किती झाली, याचे कोरडे तक्ते. त्या तक्त्यांनीच न्यायालयांचा पक्षपात उघडा पाडला. हायडेलबर्ग विद्यापीठाने १९३२ साली त्याचा शिकवण्याचा अधिकार काढून घेतला. तो फ्रान्सला गेला, तिथून अमेरिकेला. तिथे १९४१ साली त्याने पुरांच्या पुनरावृत्तीवर निबंध लिहिला. खून मोजणारा माणूस पुढे पूर मोजायला लागला! दोन्हीकडे काम एकच, जे विसरलं जाईल ते नोंदवायचं आणि त्यातून सरळ अर्थ काढायचा.

गुम्बेलच्या पद्धतीने शंभर वर्षांच्या पुराचा प्रवाह मिळाला की मग लुटुपुटूची गोदावरी सुरू होते. नदीचे ठरावीक अंतरावर आडवे छेद घेतात, आपण दुधीभोपळा चिरतो तसे. प्रत्येक छेदात पात्र किती रुंद, किती खोल, काठ किती उंच. मध्ये पूल कुठे, त्याचे खांब किती जाड. तळ कसा आहे, खडकाळ, झाडोऱ्याचा की काँक्रीटचा, यासाठीही एक आकडा असतो. मग या कागदी नदीत वरून तो प्रवाह सोडायचा आणि प्रत्येक छेदापाशी पाणी किती चढलं ते संगणकाला विचारायचं. ती पातळी नकाशावर उतरवली की झाली लाल रेघ.

नातीने आपल्या अभ्यासापुरती अशी एक नदी केली. (हे तिचं शिकाऊ काम आहे. सरकारी रेघेशी त्याचा काही संबंध नाही, हे नातेवाईकांनी कृपया लक्षात घ्यावं. कोणी बिल्डरला जाऊन सांगू नये!) तिची नदी खरी की खोटी हे तपासायला तिला जुन्या पुरांच्या खुणा हव्या होत्या, आणि इथे आमचा वाडा कामाला आला.

वाड्याच्या ओसरीवर सागाचे चार खांब आहेत. त्यांतल्या दारालगतच्या खांबावर माझ्या सासऱ्यांनी १९६९ च्या पुरानंतर दुसऱ्या दिवशी, ओल दिसत होती तिथे, वाकसाने एक खाच पाडून ठेवली होती. खाली साल कोरलं होतं. पुढे खांबांना कितीदा तेलपाणी झालं, रंग लागला, पण खाच बुजली नाही. २००८ साली पुतण्याने तिच्या खाली आणखी एक खूण खिळ्याने केली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी पायरीपर्यंत येऊन थांबलं, ते जाऊबाईंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवलं.

नातीने टेप लावून सगळी मापं घेतली. तिच्या संगणकातल्या नदीत १९६९ चं पाणी सोडलं, तर ते खाचेच्या वीतभर खालीच थांबलं!

मी म्हटलं, "मग वाढव की जरा. तो तळाचा खडबडीतपणाचा आकडा वर कर, येईल बरोबर."

ती हसली. म्हणाली, "आजी, तू परीक्षेत मुलांना उत्तर आधी सांगायचीस का?"

मुद्दा माझ्या लगेच लक्षात आला. एका खाचेशी जुळावं म्हणून आकडा वाकवला, तर नदी जुळेल. पण का जुळली ते कळणार नाही, आणि पुढच्या पुराला ती फसवेल. गाइड पाठ केलेला मुलगा पाठातल्या प्रश्नांची उत्तरं घडाघडा देतो, पण भाषा येते की नाही हे कळतं ते अपठित उताऱ्यावर. म्हणून तिने २००८ च्या खुणांवर आपली नदी बसवली आणि २०१९ च्या खुणांना हातही लावला नाही. त्या शेवटी तपासायला ठेवल्या. तो तिचा अपठित उतारा. त्यात ती चार बोटांच्या फरकाने पास झाली.

मग १९६९ ला वीतभर फरक का? तिने तीन संशयित पुढे केले. एक, त्या दिवशीचा प्रवाहाचा आकडा, जो आलेखाच्या न मोजलेल्या टोकावरून काढलेला. दोन, नदीचे छेद आजचे आहेत. त्या काळी घाट, पात्र, काठावरची बांधकामं वेगळी होती. तीन, सासऱ्यांची खाच. ओल वर चढते, लाकूड पाणी ओढून घेतं. यातला गुन्हेगार कोण हे सांगण्याइतका पुरावा नाही, तेव्हा कोणालाच फाशी द्यायची नाही. अनिश्चितता आहे असं लिहायचं आणि ती किती आहे ते मोजायचं.

ती मोजायची कशी? तर लुटुपुटूची नदी एकदाच वाहवायची नाही. प्रवाहाचा आकडा थोडा कमी-जास्त करून, तळाचा आकडा थोडा बदलून, हजारो वेळा वाहवायची. दर वेळी रेघ थोडी सरकते. या पद्धतीला मोंटे कार्लो म्हणतात, तिथल्या जुगाराच्या अड्ड्यावरून. १९४६ साली स्टानिस्लाव उलाम हा गणितज्ञ आजारातून उठत असताना एकट्याने पत्त्यांचा डाव मांडत बसला होता. डाव सुटायची शक्यता किती, हे गणिताने काढता येईना. तेव्हा त्याला वाटलं, गणित कशाला, शंभर डाव खेळून किती सुटतात ते मोजावं! तेच पुढे संगणकाकडून करून घेतलं, अणूंच्या गणितापासून ते पुरापर्यंत.

हजार वेळा नदी वाहिल्यावर नातीने मला नकाशा दाखवला. त्यावर रेघ नव्हतीच. पाण्यात बोट बुडवून फरशीवर ओढावं तसा एक पट्टा होता, मध्ये गडद आणि कडांना फिका. आमच्या गल्लीत तो पट्टा पूर्ण गल्लीच्या रुंदीचा होता. नकाशावरची रेघ टोकदार पेन्सिलीने काढलेली असते म्हणून आपण तिच्यावर भांडतो, "माझं घर रेघेच्या बाहेर, तुझं आत." पण खरी रेघ गल्लीएवढी जाड असते. याचा अर्थ रेघ खोटी आहे असा नाही. कायद्याला कुठेतरी एक ओळ आखावीच लागते, उत्तीर्ण व्हायला ३५ गुण ठरवावे लागतात तशी. पण ३४ वाला मूर्ख आणि ३६ वाला हुशार असं कुठल्या शहाण्या शिक्षकाने मानलं आहे?

आता भाऊजींकडे वळते.

हे सगळं त्यांना सांगून झालं होतं. ते मान हलवायचे आणि पुन्हा "माझ्या वाटचे पूर झाले" म्हणायचे. शेवटी मी शाळेतलंच अस्त्र काढलं. जाऊबाईंच्या डब्यात चिंचोके होते. शंभर मोजून घेतले. एकाला नातीने लाल नेलपॉलिश लावलं. सगळे कापडी पिशवीत घातले. वाड्यात सुट्टीला आलेली दोन नातवंडं होती, त्यांना बसवलं. नियम असा, की न बघता एक चिंचोका काढायचा, म्हणजे एक वर्ष गेलं. लाल निघाला तर पूर. काढलेला परत पिशवीत टाकायचा, पिशवी हलवायची. पंचवीस वेळा काढलं की एक घर संपलं. अशी चाळीस घरं करायची. भाऊजींना हिशेबनीस केलं. ते जन्मभर हिशेबाचंच काम करत आले, वही घेऊन सरसावून बसले.

दोन दुपारी हा खेळ चालला. एकूण हजार वर्षं! चाळीसपैकी तीस घरं कोरडी गेली. दहा घरांत पूर आला. गणिताने नऊच्या आसपास यायला हवे होते. पंचवीस वर्षांत शंभर-वर्षी पूर एकदा तरी यायची शक्यता २२ टक्के. सत्तर वर्षं एकाच जागी राहणाऱ्या माणसाला तर ती निम्म्याहून किंचित जास्त. पण खेळात रंगत आली ती विसाव्या की एकविसाव्या घराला. चौथ्या वर्षी लाल चिंचोका निघाला. पोरं ओरडली. परत टाकला, पिशवी खळखळ हलवली, आणि सहाव्या वर्षी पुन्हा लाल!

भाऊजींनी पेन खाली ठेवलं. पिशवी मागून घेतली, आत हात घालून बघितलं, की पोरांनी दोन लाल तर घातले नाहीत ना. नव्हते घातले. मग त्यांनी वहीत दोन्ही वर्षं नीट लिहिली, खाली रेघ मारली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "म्हणजे वहिनी, त्या पिशवीला आपण काय भोगलंय ते ठाऊक नसतं."

"नाही," मी म्हटलं.

एक गोष्ट मी त्या दिवशी त्यांना सांगितली नाही, ती इथे सांगते. आमच्या पिशवीत लाल चिंचोका कायम एकच होता. खऱ्या पिशवीत तो एकच राहील याची आता खात्री नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं त्यात दिसलं. गेल्या पन्नास वर्षांचे आकडे पुढच्या पन्नास वर्षांना लागू पडतील, या गृहीतावर ती सगळी जुनी गणितं उभी होती, आणि तेच गृहीत आता हललं आहे. म्हणून जुन्या वह्या टाकून द्यायच्या का? उलट आहे. बदल झाला हे कळलंच मुळी जुन्या वह्यांमुळे.

वाड्याचं काय ठरलं, हे विचारणारे फोन बरेच आले, म्हणून सांगते. नवीन बांधायचं ठरलं आहे. तळमजल्यावर कोणीही राहायचं नाही, तिथे गाड्या आणि मोकळी ओसरी. आणि तोवर, आषाढ लागला की भाऊजींचा पलंग माडीवर. दोघा पोरांनी खुर्चीवर बसवून वर न्यायचं आणि दसऱ्याला खाली आणायचं. भाऊजींनी एकच अट घातली, की दारालगतचा खांब राहिला पाहिजे. पुतण्या म्हणाला, "ठेवू की काका, नव्या हॉलमध्ये शोभेला लावू." तेव्हा नात ताडकन म्हणाली, "हलवायचा नाही. त्याच जागी, त्याच उंचीवर. हलवला तर ती खाच म्हणजे नुसती नक्षी." आर्किटेक्टने कपाळाला हात लावला, पण नकाशात खांब घेतला.

आता तुम्हा सगळ्यांना एक विनंती. जुन्या नाशकातले वाडे भराभर पडताहेत. पंचवटीत, भद्रकालीत, बोहोरपट्टीत कोणाकोणाच्या भिंतीवर अशा खुणा असतील. पुण्यात १९६१ च्या पानशेतच्या खुणा आहेत, सांगली-कोल्हापूरकडे २००५ आणि २०१९ च्या. पुणे विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक विश्वास काळे यांनी तर नदीकाठच्या गाळाच्या थरांवरून शेकडो वर्षांपूर्वीचे महापूर शोधले. गाळ जर साक्ष देतो, तर आपल्या भिंतीही देतील. आपल्याकडे खूण असेल तर भिंत पडायच्या आधी तिचा फोटो घ्या. जवळच्या हलू न शकणाऱ्या वस्तूपासून, देवळाच्या पायरीपासून किंवा पुलाच्या कठड्यापासून, टेपने उंची मोजा. खूण कोणी केली, ओल बघून केली की आठवणीने, तेही लिहा. आठवत नसेल तिथे अंदाजाने काही भरू नका, सरळ 'गै.ह.' लिहा. आणि तारीख घालायला विसरू नका.